सासरवाडीत उघड्या डोक्यानं

टोपीशिवायचा पुरुष आमच्याकडे दोनच ठिकाणी दिसायचा, न्हाणीत नाहीतर मयताला. आताची पोरं खिशात कंगवा घालून हिंडतात, त्यांना हे सांगून पटत नाही. पण तेव्हा खानदेशात चांगल्या घरचा बाप्या उघड्या डोक्यानं रस्त्यावर दिसला की बघणारा आधी विचारायचा, कोण गेलं? बाप गेला की मुलगा टोपी उतरवायचा. मयताचा निरोप आणणारासुद्धा टोपी काखेत मारून यायचा आणि दाराबाहेरच उभा राहायचा, घरात पाय टाकायचा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं काय झालं ते कळेल.

मी तिसरीपर्यंत शिकलो. लिहिता येतं, पण सावकाश. हे माझ्या हातानं लिहितो आहे. नातवाला सांगितलं असतं तर त्यानं लिहून दिलं असतं, पण सोबत सुधारूनही ठेवलं असतं, आणि मला सुधारलेलं नको होतं.

आमचं गाव रावेरकडचं, केळीच्या बागांचं. बाप बागांमध्ये घड उतरवायच्या कामाला होता, त्याच्या मागं मी आणि थोरला भाऊ. लग्नानंतर भावाशी माझं वाजलं. कशावरून ते आता आठवतही नाही, पण तोंडातून निघून गेलं की या घरचं पाणी पिणार नाही, आणि बोललेलं मी मागं घेत नसे. जळगावला आलो आणि एका जिनिंग प्रेसमध्ये लागलो. तिथं कपाशीची सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात. काम हंगामी. दिवाळीच्या सुमाराला भोंगा सुरू व्हायचा तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, थांबायचा. पुढचा सगळा पावसाळा आम्ही रिकामे.

बायको धुळ्याची. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात, तशी तीही गेली. सण झाल्यावर मी तिला आणायला गेलो. सासरे धुळ्याच्या बाजारात मापाडी होते. धान्य मोजणारा माणूस, शब्दही मोजूनच बोलायचा. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणायचो. ओसरीवर शेजारचे दोघं-तिघं बसलेले असताना त्यांनी मला विचारलं,

"जवाईबापू, पावसायामां तुम्ही काय करतस?"

"गावी जातो," मी म्हणालो. भावाकडे जायचं नव्हतं, पण दुसरं काय सांगणार?

"मंग मन्ही पोर कोठे ऱ्हाई? तुम्हना भाऊनी बायकोना हातखाले?"

मी कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"बारमाही काम देखा, एक खोली देखा, मंग या. पोर आठेच शे, कोठे जात नही."

ते वाईट बोलले नाहीत. आवाजही चढवला नाही. पण चार माणसांत बोलले. मी पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठलो. आत चुलीपाशी बायको उभी होती, तिच्याकडे बघायचंही मला सुचलं नाही. एकटाच परत आलो. गाडीत ओळखीच्या एकानं विचारलं, बायकोला आणायला गेला होता ना? मी म्हटलं, तिची आई आजारी आहे.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. आमच्या प्रेसच्या शेठचा धाकटा मुलगा पुण्याला कॉलेजात शिकून परत आला होता. शेठ मूळचे मारवाडातले, पगडी घालणारे, मुलं त्यांना बापूजी म्हणत. हा मात्र भांग पाडून उघड्या डोक्यानं यायचा. आम्ही त्याला धाकले शेठ म्हणायचो. त्यानं येताना एक चेंडू आणला, कातड्याचा, वादीनं शिवलेला, चांगल्या कलिंगडाएवढा. आणि हंगाम संपल्यावर कपाशी ओतायच्या मोकळ्या फरसबंद अंगणात दोन्ही टोकांना खांब रोवून घेतले. खांबावर फळ्या ठोकल्या. गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या असतात, त्या एकावर एक ठोकून लोहारानं दोन कडी करून दिली. त्याला सुतळीची जाळी.

आम्ही समजलो, शेठना काहीतरी नवीन यंत्र बसवायचं आहे.

मग धाकल्या शेठनी जे हंगामी गावी गेले नव्हते त्यांना बोलावलं आणि सांगितलं, हा बास्केटबॉल. चेंडू त्या कड्यातून टाकायचा. पावसाळा सरल्यावर धुळ्याच्या पोरांशी सामना ठरवला आहे. जो या टीममध्ये राहील आणि धुळ्यात खेळेल त्याला मी बारमाही करीन, कंपाउंडातली एक खोलीही देईन.

बाकीच्यांनी खोली ऐकली की नाही मला माहीत नाही. मी ऐकली. मला त्या खेळात काडीचा रस नव्हता. मला बायको आणायची होती.

मी उंच, खांद्यानं रुंद. गावात हुतुतू खेळलेला. मनात म्हटलं, पोरासोरांचा चेंडूचा खेळ, त्यात काय शिकायचं?

पहिल्या दिवशी धाकल्या शेठनी चेंडू माझ्याकडे फेकला. मी झेलला. झेलण्यात मी पटाईत होतो. ते ओरडले, "आता पळ! टप्पे मारत पळ!"

मी पळालो. पण चेंडू खांद्यावर घेऊन, एक हात वर, एक हात कमरेवर. सरळ त्या खांबापर्यंत.

मागं हशा पिकला. आमचा मुकादम नशिराबादचा, त्याला सगळे नाना म्हणत. तो गाठीवर बसून हे बघत होता. तो म्हणाला, "काय रे भो, घड उतरवून राह्यला का? शेठ, याला चुंबळ द्या खांद्यावर!"

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण नाना बोलला ते खरं होतं. केळीचा घड कापणारा कापतो आणि खाली उभा असलेला तो खांद्यावर झेलतो. तो घड भुईला लागू द्यायचा नाही. लागला की आतून काळा पडतो, आणि व्यापारी अख्खा घड बाजूला टाकतो. लहानपणी माझ्या हातून एक निसटला होता, तर बापानं बागेतच मला झोडपलं होतं. हातात आलेली वस्तू खाली पडू द्यायची नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. आणि हा पुण्याहून आलेला माणूस सांगत होता, हातात आलं की जमिनीवर आपट.

मी आपटायचो, पण मन धजायचं नाही. हात सोडायचेच नाहीत. चेंडू खाली जायच्या आधी मी त्याच्या मागं वाकायचो आणि पुन्हा छातीशी धरायचो. शेठ शिट्टी फुंकायचे. प्रेसमध्ये सरकी निवडायला काही बाया राहिल्या होत्या, त्या पोत्यांच्या आडून बघायच्या. त्यातली एक वयानं मोठी होती, तिला अक्का म्हणत. ती तिथूनच ओरडली,

"ओ भाऊ, चेंडू शे तो, तुम्हनी बायको नही! इतला घट्ट काबर धरतस?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. अक्काला काही माहीत नव्हतं, ती आपली चेष्टा करत होती. पण माझी बायको माझ्या हातात नव्हती हे मला माहीत होतं. मी चेंडू टाकला आणि पाणी प्यायचं निमित्त करून हौदाकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याच्याहून वाईट. आमच्यातला एक कारकून, किडकिडीत, पण चेंडू घेऊन सुळकन निघून जायचा. तो माझ्या बगलेतून निघाला तसा मी हुतुतूतल्यासारखी त्याच्या पायाला मिठी घातली आणि त्याला फरशीवर आडवा केला. मला वाटलं, शाबासकी मिळेल. त्याच्या कोपराचं सालटं निघालं. धाकले शेठ लाल झाले.

"पकड नाही! या खेळात पकड नाही! अंगाला हात लावायचा नाही!"

"मग अडवायचं कसं?"

"समोर उभं राहून. हात वर करून."

"नुसतं उभं राहून?"

माझ्याहून एखाद-दोन वर्षांनी लहान माणूस मला अरे-तुरे करून सांगत होता आणि मला ऐकावं लागत होतं. मनात आलं, निघून जावं. घर सोडलं तसं हेही सोडावं. पण मग धुळ्याची ओसरी डोळ्यांसमोर आली आणि मी हात वर करून उभा राहिलो.

दुपारी बाकीचे भाकरी खाऊन आडवे झाले की मी चेंडू घेऊन सरकीच्या गोदामामागं जायचो. तिथं कुणी बघायचं नाही. टप्पा मारायचा, चेंडू वर येईपर्यंत थांबायचं. थांबणंच जड जायचं. तळहात मारून मारून लाल व्हायचा. एकदा धाकले शेठ मागं येऊन उभे होते ते मला कळलंच नाही. ते म्हणाले, "तळहात नको. बोटं. वासराच्या पाठीवर हात फिरवतोस तसा." हसले नाहीत. त्या दिवसापासून थोडं जमायला लागलं. मान खाली घालून का होईना, मी टप्पे मारत खांबापर्यंत जाऊ लागलो.

कड्यात टाकणं मला माझ्या पद्धतीनं आलं. सगळे डोक्यावरून टाकायचे, मी दोन्ही हातांनी गुडघ्यांतून वर भिरकवायचो, माळ्यावर गवताची पेंढी फेकतात तशी. नानानं त्याचीही टवाळी केली. पण चेंडू जाळीतून खाली यायला लागला तसा तो गप्प झाला.

शेठनी आम्हाला खाकी चड्ड्या आणि कापडी बूट दिले. चड्डी मी धोतराच्या आत घालायचो आणि खेळापुरतं धोतर सोडायचो. बूट मी जन्मात घातले नव्हते. नवे नाल ठोकलेल्या बैलासारखा दोन दिवस चाललो. हे सगळं केलं. अडलं ते टोपीवर.

"टोपी काढ," धाकले शेठ म्हणाले. "उडी मारलीस की पडते, पडली की तू ती उचलायला थांबतोस."

"माझा बाप जिता आहे, शेठ."

"अरे, माझाही जिता आहे!"

"तुमचं वेगळं. तुम्ही पुण्याला शिकलेले."

ते हसले, पण मी काही काढली नाही. टोपीला दोन्हीकडून सुतळी ओवली आणि हनुवटीखाली गाठ मारली. नाना म्हणाला, दरवेशाचं माकड दिसतं. दिसू दे म्हटलं. त्या सुतळीवर मी सगळा पावसाळा काढला.

सामन्याच्या दिवशी प्रेसच्या लॉरीतून धुळ्याला निघालो. पारोळ्याला चहा झाला. माझ्याजवळ एक गाठोडं होतं. त्यात धुतलेलं धोतर, कोट आणि कोरी टोपी. मी सासरी काही कळवलं नव्हतं. सामना खेळायचा, अंघोळ करायची, नीट कपडे घालायचे आणि मग जावयासारखं दारात जाऊन सांगायचं, आबा, काम बारमाही झालं, खोली मिळाली. चहा पिऊन, बायकोला घेऊन निघायचं. वाटभर ते वाक्य मी मनात घोळवत होतो. चड्डीवर मला त्या घरातल्या कुणी बघावं असं स्वप्नातही नव्हतं. मैदान बाजारापासून लांब आहे असं नाना म्हणाला होता. लांब नव्हतं. मैदानाच्या कडेनं बैलगाड्यांची वाट होती आणि त्या वाटेनं बाजारच्या गाड्या येत-जात होत्या.

धुळ्याची पोरं सगळी शाळा-कॉलेजातली, हलकी, तोंडानं बडबडी. बघायला बरीच गर्दी होती. पंचानं मला बघितलं आणि जवळ बोलावलं.

"गळ्याला दोरी बांधून खेळता यायचं नाही. कुणाचा हात अडकला तर?"

सुतळी सोडावी लागली. टोपी नुसतीच डोक्यावर दाबून बसवली. पहिल्याच उडीला पडली. मी वाकून उचलली, तोवर धुळ्याच्या पोरानं माझ्या शेजारून जाऊन चेंडू कड्यात टाकला. लोक ओरडले. पुन्हा तेच झालं. गर्दीतून आवाज यायला लागले,

"ओ टोपीवाला भाऊ, आधी टोपी झेल, मग चेंडू!"

"तिले खिया मार रे कोणी!" म्हणजे टोपीला खिळा ठोका.

खेळ थांबला तेव्हा धाकले शेठ माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा पडला होता. ते हळू बोलले, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

"टोपी काढ, नाहीतर बाहेर बस. बाहेर बसलास तर मी बापूजींना काय सांगू? जो खेळलाच नाही त्याला बारमाही कर म्हणून?"

मी चारी बाजूंना बघितलं. ओळखीचं कुणी दिसलं नाही. मनात बापाची माफी मागितली, टोपी काढली आणि नानाच्या हातात दिली. नानानं ती गुपचूप काखेत मारली. पहिल्यांदाच त्यानं काही टोमणा मारला नाही.

उघड्या डोक्याला वारा लागला तो अजून आठवतो. आधी वाटलं, सगळे माझ्याकडेच बघताहेत. मग चेंडू आला आणि ते विसरलो. टप्पे मारत गेलो, एकदा मान वर करूनही गेलो. गुडघ्यांतून भिरकावला आणि तो जाळीतून सरळ खाली आला. लोक हसायला लागलेले, ते मध्येच ओरडायला लागले. पुन्हा एकदा टाकला, तोही गेला. आम्ही जवळजवळ बरोबरीला आलो. खरं सांगतो, तेवढा वेळ मला बरं वाटलं.

तेवढ्यात वाटेवरून बाजारातला एक हमाल गाडी घेऊन गेला असणार. तो सासऱ्यांच्या गल्लीतला होता, हे नंतर कळलं. त्यानं जाऊन सांगितलं, तुमचा जवाई गावात आला आहे, डोकं उघडं, पाय उघडे, तिकडे मैदानात उभा आहे. घरी काबर आला नही?

घरच्यांना काय समजायचं ते समजलं. रावेरकडचे व्याही गेले. जावई निरोप घेऊन आला, पण घरी यायची छाती होत नाही, म्हणून मैदानात घुटमळतो आहे.

मला एवढंच दिसलं की वाटेकडची गर्दी दुभंगली. आधी रडणं ऐकू आलं, मग बाया दिसल्या. पुढं सासू, केस सुटलेले, छातीवर हात मारत,

"ओ माय व! आम्हना याही गयात व! आते पोरनं कसं करवो व!"

मागं गल्लीतल्या बाया. त्यांच्यात पदरानं तोंड झाकलेली माझी बायको. सगळ्यांच्या मागून आबा, त्यांनीही टोपी काढून काखेत धरलेली. सासू सरळ मैदानात शिरली. पंचानं शिट्टी फुंकली. तिला शिट्टी काय कळणार? ती माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसली आणि माझ्या बापाचे गुण सांगून रडायला लागली. माझ्या दोन्ही हातांत चेंडू. अंगावर चड्डी.

लोकांनाही वाटलं, खरंच कोणी गेलं. गर्दीतल्या दोघा-तिघांनी आपल्याही टोप्या काढल्या.

"आबा," मी म्हणालो. "बाप बरा आहे."

सासू रडायची थांबली नाही, तिला ऐकू गेलं नाही. आबा जवळ आले.

"याही बरा शेतस?"

"हो. गावी आहेत. परवाच एक गाववाला भेटला होता."

"मंग डोकं उघडं काबर शे?"

"खेळतोय."

आबांनी चेंडूकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं, खांबाकडे बघितलं.

"तुम्ही खेयी ऱ्हायनात?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. मग ते सगळं मैदान हसलं. सासू तशीच बसून इकडेतिकडे बघत होती. बायकोनं पदर बाजूला केला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर पुन्हा खाली ओढला. रडून डोळे सुजले होते. माझ्या बापासाठी ती खरंच रडली होती.

आबांनी आपली टोपी झटकून डोक्यावर घातली. "टोपी घाला नि घर चला," म्हणाले.

धाकले शेठ माझ्या दुसऱ्या बाजूला उभे. ते म्हणाले, "खेळतोस की जातोस? आता सांग."

एकीकडे सासरा, एकीकडे खोली. आणि ती खोली मला कुणासाठी हवी होती, ती तिथंच उभी होती. आबांबरोबर गेलो असतो तर रिकाम्या हातानं गेलो असतो. मी आबांकडे न बघता म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं, मी येतो." आणि खेळायला वळलो.

ते गेले नाहीत. सासूला बाया घेऊन गेल्या, पण आबा आणि बायको कडेला उभे राहिले, सामना संपेपर्यंत. पुढं मी काय खेळलो ते सांगण्यासारखं नाही. चेंडू हातात आला की फक्त ते दोघं दिसायचे. टप्पा चुकला, पाय चुकले, गुडघ्यांतून टाकलेला चेंडू फळीलाही लागला नाही. आम्ही हरलो. धाकले शेठ मैदानातच एवढंच म्हणाले, "तू खेळलास. मी बोललो ते बोललो. खोली तुझी." त्यांनी शब्द पाळला. पण मला त्याचा आनंद झाला नाही.

लॉरी माझ्यासाठी थांबणार होती. धोतर नेसून, कोट घालून, कोरी टोपी घालून मी सासरी गेलो. ओसरीवर माणसं बसलेली. गल्लीच्या एका टोकाला खबर पोचली होती की व्याही गेले, पण गेले नाहीत ही खबर अजून पोचली नव्हती. एक म्हातारा माझ्याजवळ सरकून बसला, माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मोठा माणूस व्हता," तो म्हणाला.

"आहेत," मी म्हणालो.

"हा, आपलासाठे शेतसच."

त्याला कसं समजावणार? मी मान हलवली.

सासूनं निरोप कळताच चूल विझवली होती. सगळ्यांनी अंघोळी केल्या होत्या. न्हाणीतून अजून पाणी वाहत होतं. जावई पहिल्यांदा बारमाही होऊन आला, आणि त्याच्या पुढ्यात ठेवायला घरात शिजवलेलं काही नव्हतं. पण मयताच्या घरी शेजारी भाकरी-पिठलं पाठवतात, तसं ते आलं होतं, फडक्याखाली झाकून. सासू म्हणाली, अन्न शे, टाकता येवाव नही. तेच मला वाढलं. माझ्या जित्या बापाच्या मयताची भाकरी मी त्या ओसरीवर खाल्ली. नाही म्हणून उठायची सोय नव्हती. एकदा चहा टाकून उठलो होतो, आता उठलो असतो तर पुन्हा त्या दारात यायला तोंड राहिलं नसतं.

खाऊन झाल्यावर आबा समोर येऊन बसले. मी ठरवलेलं वाक्य सांगितलं, काम बारमाही झालं, खोली मिळाली. ते वाक्य वाटेत घोळवताना केवढं वाटलं होतं. तिथं ते अगदी पाचकळ वाटलं.

"काम कसानं?" आबांनी विचारलं. "चेंडूनं?"

"प्रेसमध्येच. गाठींचं. चेंडू वरकड."

"चेंडूसाठे डोकं उघडं करं, उद्या खोलीसाठे काय करशात?"

आबा बोलले त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मी टोपी काढली ती बायकोसाठी, हे मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. अशी गोष्ट सासऱ्यासमोर कशी बोलायची? आणि खेळताना मला मजा आली होती, थोडा वेळ का होईना, हेही आत कुठंतरी टोचत होतं.

आबा म्हणाले, दिवाळीनंतर बघू. म्हणजे नाहीच. मी उठलो, टोपी नीट केली.

तेव्हा आतून बायको बाहेर आली. बापासमोर ती कधी बोलत नसे. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आबा, मी यास्ना संगे जास."

"काबर व? मी सांगं ना, दिवाळीनंतर."

"बठ्ठा गावनी माले रडतांना देखं. आठे ऱ्हायनू ते रोज बाया इचारतीन, कोण मरनं व्हतं व बाई? मी काय सांगू? त्यापेक्षा मी जास."

आबांनी ओसरीवरच्या माणसांकडे बघितलं. मग म्हणाले, "जाय."

तर अशी ती माझ्याबरोबर आली. माझं काम बारमाही झालं म्हणून नाही, खोली मिळाली म्हणून नाही. गावात तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून आली. पावसाळाभर मी ज्यासाठी तळहात लाल केले, ते मला माझ्या फजितीनं मिळवून दिलं.

लॉरीत सगळी टीम मागं बसली. नानानं ड्रायव्हरशेजारची जागा तिला दिली. कारकुनानं काहीतरी थट्टा करायला तोंड उघडलं, तर नानानं त्याला डोळे दाखवले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. कुणी गाणंसुद्धा म्हटलं नाही. मी मागच्या फळीला टेकून बसलो होतो, मधल्या जाळीतून तिचा पदर दिसत होता. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही, आणि मला तेच बरं वाटत होतं.

पुढं आम्ही त्या कंपाउंडातल्या खोलीत बरीच वर्षं काढली. मी आणखी दोन पावसाळे खेळलो. प्रेसच्या अंगणात सामना असला की तिथल्या बाया बघायला जमायच्या. ती कधी आली नाही, मी कधी बोलावलं नाही. तो दिवस आमच्यात कधी निघाला नाही. बापाला मात्र दिवाळीच्या आत कुणीतरी सांगितलंच. ते मला बघायला जळगावला आले आणि सुनेच्या हातचं जेवून गेले. तिनं त्यांना दोनदा नमस्कार केला.

आता सुना, नातसुना तिला विचारतात, आजी, तुम्ही जळगावला कधी आलात? ती सांगते, यांना खोली मिळाली तशी आबांनी पाठवलं. मी शेजारीच बसलेला असतो. मी मध्ये बोलत नाही.